उलटे आटे

दीडशे लारी. त्यातले चाळीस बहिणीकडून उसने,
आणि कधी देशील हे तिनं विचारलं नाही.
तिबिलिसीतल्या एलियावाच्या बाजारात मी सकाळी आठला उभा,
नखांत अजून कालच्या ऑपेलचं काळं.

पहिल्याच दुकानात ती पेटी.
एकशे आठ नग, निळी मखमल,
प्रत्येक गोटी आपल्या खोबणीत चकाकत बसलेली.
दुकानदारानं झाकण असं उघडलं
जसे कुणी लग्नाचे दागिने दाखवावेत.
एकशे पंचेचाळीस.
उरले असते पाच. पाचात बस आणि एक पाव.

पण वस्ताद झुराब काल हात पुसता पुसता म्हणालेला,
"एकशे आठांतले रोज हातात किती येतील ते मोज."
मी तिथंच उभ्याउभ्या मोजले.
अकरा. ओढूनताणून बारा.
"बाकीचे दाखवायला.
पेचकस स्वस्त घे. हातोडी कुठलीही घे,
तिला अक्कल लागत नाही, धरणाऱ्याला लागते.
रॅचेटमध्ये मात्र चिकटपणा करू नकोस.
हलक्या रॅचेटचा दात ऐन जोरात निसटतो,
नट सुटत नाही, बोटांची सालं सुटतात."
आणि मूठ पुढे केली. चार पांढरे व्रण, ओळीनं.

म्हणून आधी रॅचेट. जुनं, जड, पंचावन्न.
कानाशी धरून फिरवलं,
बारीक किरकिर, घड्याळाला चावी देतात तशी.
पक्कड नऊ. दोन पेचकस सहा.
सुट्या गोट्या सात, चार-चार लारीला एक,
त्यात दहाच्या दोन.
दहाची हरवतेच,
गाडीच्या पोटात पडते
आणि खाली जमिनीवर कधी पोचत नाही.

उरले बावन्न, आणि पाने घ्यायचे राहिलेले.

बाजार संपतो तिथं एक बाई
जुना पडदा अंथरून बसलेली.
त्यावर पाने, पण आकाराच्या क्रमानं नाहीत:
सतरा, मग दहा, मग तेरा, मग बावीस.
"भिंतीवर असेच असायचे त्याच्या," ती म्हणाली.
एक उचलला. पोलादावर ठोकलेली किंमत,
बावन्न कोपेक.
तो भाव ठरवणारा देश
मी जन्मायच्या आधीच मोडीत निघाला.
"याच भावानं देता का, नातेला मावशी?"
(नाव शेजारच्या चहावाल्यानं हाक मारली तेव्हा कळलं.)
"देते की. कोपेक आण."

मग घासाघीस. चाळीस, तीस, अडतीस.
मी रिंगांच्या आतल्या कडा बोटानं चाचपत होतो,
एकही झिजलेली नाही.
माणूस नीट वागला होता त्यांच्याशी.
पस्तीसवर आम्ही दोघंही दमलो.

तिच्या स्टुलाखाली एक मोठा पाना दिसला.
"आणि तो?"
"तो नाही."
"जास्त देतो."
"कुठून देशील? तोंड बघ.
गॅसची बाटली बदलायला लागतो मला तो."
मग माझ्याकडे न बघता,
"सव्वीस वर्षं वाख्तांगच बदलायचा.
मला वाटायचं, फार जोर लागत असेल.
जोर नाही रे लागत.
तिचे आटे उलटे असतात, एवढंच.
उलटं फिरवायचं.
हे मला शेजाऱ्यानं सांगितलं,
तो गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात,
तोवर मी थंडच खात होते."

काय बोलावं सुचेना. मी पैसे दोनदा मोजून दिले.

बसमध्ये पिशवी मांडीवर. खड्डा आला की आतून खणखण,
समोरचा म्हातारा दर वेळी डोळे उघडायचा.
सतरा लारी शिल्लक, भाडं देऊन सोळा.
तेराच्या पान्याच्या दांड्यावर निळा दोरा गुंडाळलेला,
तेलानं जवळजवळ काळा झालेला.
ब्लेडनं कापून टाकू म्हटलं, साफ दिसेल.
मग हातात धरून पाहिला.

उद्या झुराब विचारेल, हा दोरा कशाला.
सांगेन, ठाऊक नाही.
पकड मात्र बरी बसते.