टोपी नाचते का

मायनॉटच्या बाहेर, फेब्रुवारीत, उणे एकतीसमध्ये
माणूस ट्रक बघायला जातो तेव्हा त्याला खरंच ट्रक हवा असतो.
उन्हाळ्यात येणारे नुसते रंग बघून जातात.

विक्रेता, कॉर्डेल त्याचं नाव, बूट फार स्वच्छ,
आधी नव्याकडेच घेऊन गेला मला.
डॅशबोर्डवर टीव्हीएवढा पडदा, सीट पाठ दाबून देणारी.
"कुठे दुखतंय ते हा स्वतःच सांगतो."
मी म्हटलं, माझ्या मेहुण्यासारखा.
तो हसला नाही. हप्ते सांगितले.
नव्याचे नऊ दिवस, हप्त्यांचे बहात्तर महिने;
आणि रात्री दोनला, विलिस्टनच्या अलीकडे
एक सेन्सर रुसला
की सगळा कारखाना रस्त्याकडेला उभा,
आणि मी आत, कोटावर कोट चढवून,
लॅपटॉपवाल्याची वाट बघत.

मी एकोणपन्नास वर्षांची आहे.
बीट ओढते, डुरम गहू, कधी सूर्यफूल.
मला असा ट्रक हवाय
जो माझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त टिकेल.

व्हर्लिन ओसेननं मला हे काम शिकवलं.
तो म्हणायचा, गाडी उभं राहून बघू नये,
आडवं होऊन बघावी.
म्हणून बर्फावर पुठ्ठा टाकला आणि शिरले
मागच्या रांगेतल्या त्या देखण्या लाल ट्रकखाली.
चेसिसला ताजा काळा रंग.
ताजा रंग नेहमी काहीतरी सांगत असतो,
बहुतेक वेळा ते दुसऱ्याच कशाबद्दल असतं.
नखानं खरवडलं. दोन पट्ट्यांच्या मधे गंज
भिजलेल्या वहीसारखा फुगलेला.
हातोडीनं एक टोला मारला.
ठण्ण यायला हवं होतं.
थप्प आलं.

कॉर्डेल वरून म्हणाला, "काही पडलं का?"

तिसरा जुन्या दातांच्या रंगाचा.
दार धरून वर उचललं: बिजागरी हलली नाही.
वायरी जिथे जिथे लोखंडावरून वळतात
तिथे तिथे कुणीतरी रबराचा तुकडा बांधलेला,
फायर ब्रिगेडच्या जुन्या पाइपाचा.
रस्त्यावरचं मीठ आधी वायरी खातं, मग माणसाची बचत.
हे ज्याला कळलं होतं त्याचा हात मी ओळखत नव्हते,
पण मला तो आवडला.

हीटरची वायर रात्रभर लावलेली; ठीक आहे,
या थंडीत माणूसही तसाच उठत नाही.
इंजिन चालू केलं. तेलाची टोपी काढली,
उलटी करून भोकावर ठेवली.
टोपी नाचली तर आतल्या रिंगा गेल्या.
उडाली तर घरी जा.
ती थोडी थरथरली,
मग बसून राहिली,
चर्चमध्ये उशिरा आलेल्या बाईसारखी.

अकरा लाख मैल. मी अजून नाहीच म्हणत होते.

मग ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत पेन्सिल दिसली, दोऱ्याला बांधलेली,
आणि अक्षर, तिरकं, दाबून लिहिलेलं:
चार लाख बारा हजार, तेल.
चार लाख सत्तावीस, तेल, डावा आरसा.
सहा लाख नव्वद, क्लच. फेचा वाढदिवस चुकला.
असं खाली, खाली, शेवटी जागा संपत आलेली,
शेवटची ओळ ऑक्टोबरची:
तेल. फिल्टर. डोळे तपासणीत नापास. ल. ह्रुस्का.

कॉर्डेलला विचारलं, इथे कधी आणून लावला त्यानं?
"ऑक्टोबरमध्येच. त्याच दिवशी, बहुतेक."

विकायला निघालेल्या गाडीचं तेल
कोण बदलतं?

मी पुठ्ठा उचलला, गुडघे झटकले,
आणि घासाघीस सुरू केली, कारण आवडलं
म्हणून कुणी पैसे जास्त देत नाही.
दोन तास लागले. कॉफी फार वाईट होती.

संध्याकाळी हायवे बावन्नवर कळलं
की त्याचा हीटर फक्त डाव्या पायाला लागतो.
हे ह्रुस्कानं कुठेच लिहिलेलं नाही.
पहिल्या थांब्यावर पेन्सिल घेतली,
उरलेल्या चार बोटं जागेत
बारीक अक्षरात लिहिलं:
उजवा पाय गार. बघायचं आहे.