ठसा

खानापुरात मामलेदार कचेरीसमोर
माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
दोन रुपयाला पान. उतारे, जातीचे दाखले,
कन्नडातला अर्ज, त्याला जोडलेला मराठीतला अर्ज.
पणजाही हेच करायचा,
खरं दगडावरून.

रवळू घाडी. महिना सहा रुपये.
कागद भिजवायचा, दगडावर पसरायचा,
काथ्याच्या कुंच्यानं ठोकत ठोकत
खाचेखाचेत बसवायचा.
मग काजळी आणि डिंक, चिंधीच्या बोंडानं.
जिथं खोदलंय तिथं शाई पोचत नाही.
कागद सगळा काळा, अक्षर तेवढं पांढरं.

साहेबाचं नाव ट्रेहर्न. गावानं केलं तेरणसाहेब.
आला तो सारा बसवायला.
घोड्यावरून शेतं बघितली, आणे ठरवले,
आणि बिदरगाळीच्या तळ्यावर
धुणं आपटायच्या दगडात त्याला ओळी दिसल्या.
बायकांनी पिळे उचलले, बाजूला झाल्या.
साहेब ओल्यातच गुडघ्यावर बसला.

हलशीच्या उपाध्यांकडं तीन पावसाळे
जुनं कन्नड शिकला तेव्हा दगड बोलला:
ही तळ्याखालची जमीन चंद्रसूर्य आहेत तोवर करमुक्त.
जो घेईल तो साठ हजार वर्षं शेणात किडा होईल.
साहेब मोठ्यानं हसला म्हणे,
आणि त्याच सांजेला
त्याच जमिनीच्या जमाबंदीवर सही केली.
किड्याचं भाषांतर विलायतेला गेलं.
दोन्ही कागदांवर हस्ताक्षर एकच.

पुढं पुढं नोकरी कमी, दगड जास्त.
एक दिवस कलेक्टरीला रामराम ठोकला,
बोटीत काही चढला नाही.
कॅम्पात भाड्याचं घर, दारात खाटेवर पुस्तकं वाळत घातलेली,
आणि व्हरांड्यात वीरगळ ओळीनं उभे,
कपाळावर चुन्यानं आकडे.
पाऊस खातोय, गुरं घासतात, लोक तेल ओततात,
सगळं नासेल, साहेब म्हणायचा.
ते खोटं नव्हतं.

सतरा नंबर आमच्या गावचा.
गुरं राखताना पडलेला कोणी, वर अप्सरा, खाली गाई.
आम्ही त्याला थोरला म्हणायचो.
अवसेला तेल. लग्नात पहिला विडा.
रवळूनं त्याचा ठसा घेतला, साहेबाला दिला,
मग स्वतःच दोर बांधले, गाडीत चढवला.
मागं खड्डा राहिला. बाया खड्ड्यात तेल ओतत होत्या.

मलप्रभेच्या उतारावर चाक निखळलं.
गाडी कलली, थोरला डोहात गेला.
दप्तरात नोंद आहे: गाडीस अपघात, पाषाण गमावला.
आसाची खीळ आमच्या घरी आहे,
पत्र्याच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेली.

साहेबाला कळलं का?
आजा सांगायचा, साहेब काठावर पुष्कळ वेळ उभा होता,
वाकून आस बघितला,
रवळूच्या मुठीकडं बघितलं,
आणि म्हणाला, रवळू, बैलांना पाणी दाखव.
पगार कापला नाही.
त्यानंतर मात्र एकही दगड गावाबाहेर गेला नाही.
साहेब स्वतः जायचा, सागवानी टेकू घेऊन,
देवळाची कललेली भिंत जिथल्या तिथं धरायला.
तापानं गेला तोही अशाच एका देवळात,
छताला दोन तुळया कमी होत्या तेव्हा.

परवा धारवाडची एक पोरगी आली.
सतरा नंबरचा ठसा लांबवर कुठल्या कपाटात सापडला,
त्याचा फोटो तिच्याकडं. प्रत हवी.
मशीन घरघरलं. पान काळंकुट्ट आलं,
त्यात पांढरा थोरला, पांढऱ्या गाई.
टोनर फार खाल्ला.
काका, हा दगड हरवला कसा हो?
गाडीला अपघात झाला, म्हटलं.
आणि दोन रुपये घेतले.