आसन क्रमांक त्रेसष्ट

अकरा वर्षं तीच सुरई मांडली मी,
बडोद्याच्या कलाविभागात, उत्तरेकडच्या हॉलमध्ये.
निळा पडदा, दोन कांदे, सुरई.
कांदे दरवर्षी नवे, खंडेराव मार्केटातले,
बिल लावून.

सुरईचं पोट केवढं, गळा कुठे वळतो
हे दांडिया बाजारात सबनीसांच्या क्लासला पाठ.
मुलं तिला दोनशेदा काढत,
शेवटी शेवटी न बघता काढत,
आणि सबनीस म्हणत, हात बसला की झालं.

बाराव्या वर्षी, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी,
पडदा झटकला मी आणि सुरई गेली.
आठ वाजलेले. कुंभार कुठला आता?
बागेतली झारी आणली,
पत्र्याची, कुशीला पोचा आलेली,
पुसून कांद्यांशेजारी ठेवली.
कोणी विचारलं असतं तर सांगणार होतो.

सकाळी पाणी देत रांगांतून फिरलो
तर पाय अडखळायला लागले.
समोर झारी, कागदावर सुरई.
एकेचाळीस सुरया मोजल्या मी,
गळ्यावर चकाकीसुद्धा,
सबनीस सांगतात तिथेच.

त्रेसष्ट नंबरची मुलगी, पादऱ्याची असावी,
तासभर नुसती बघत बसली.
मग हळूच, काका, हे कसं लागलं हिला?
माळ्याच्या हातून, म्हटलं, पायरीवर.
अच्छा, म्हणाली, आणि पेन्सिल उचलली.
घंटा झाली तेव्हा पोचा पुरा झाला होता,
आणि अर्धी मूठ.
बाकी कागद कोरा.

मार्क दिले आठवड्याने, वरच्या खोलीत.
झारी तेव्हा बागेत, गुलबक्षीपाशी.
सुरयांना सत्तर, पंचाहत्तर.
त्रेसष्टला लाल शाईत: अपूर्ण.
मी चहा घेऊन उभा, कागद वरच होता.
बोलायला दोन क्षण तरी मिळाले.
नोकरीचे चौदा महिने उरलेले.
साखर किती, एवढंच विचारलं.

सुरईवाल्यांतले दोघे पुढे चांगले चित्रकार झाले,
खोटं कशाला बोलू.
तिचं काय झालं, माहीत नाही.
नावाची पट्टी आधीच फाडतात.

रद्दी निघाली तेव्हा तो कागद शोधून काढला.
इतकी वर्षं वाटायचं, पोचा गोल आहे.
गोल नाही. खालच्या अंगाला एक घडी आहे,
पायरीच्या कोपऱ्याची.
बागेत जाऊन बोट फिरवलं.
आहे.