आठशेच्या पुढे

खसब. ऑगस्ट. रात्रीचे साडेअकरा.
हवा इतकी दमट की चष्मा पुसून पुसून
सदऱ्याचं टोक भिजलंय.
शम्सा खालांच्या गच्चीवर अँटेना उत्तरेला वळवून
मी खाली ओरडतो, "आता दाब!"
आणि त्यांचा नातू मुराद रिमोट दाबतो.

खाली येईतो टीव्ही एकविसाव्या पट्ट्यापासून निघालेला.
थांबतो, कान लावतो. काही नाही. पुढे.
काही नाही. पुढे.
ओस आळीत नवा पोस्टमन
एकेक कडी वाजवून बघतो तसा.

मुरादला वाटतं, एक नंबर म्हणजे एक नंबर.
तसं नसतं रे.
मस्कतचं चॅनल येतं कुठल्या तरी तिसाव्या पट्ट्यावरून,
पण सोबत चिठ्ठी आणतं:
माझं नाव अमुक, मला एकवर बसवा.
टीव्ही चिठ्ठी वाचतो आणि बसवतो,
कुठल्या वाटेनं आलास, विचारत नाही.

मी आलो तेव्हा माझीही चिठ्ठी होती.
सैतवडेकर तिच्या रकान्यात मावला नाही.
कार्डावर मी साईत.

सत्तावीसवर टीव्ही अडखळला.
पाचशे बावीस मेगाहर्ट्झ. सिग्नल चाळीस टक्के.
साठ.
या दिवसांत होतं असं:
पाण्यालगत गार हवा, वर गरम हवेचं झाकण,
आणि त्या फटीतून पलीकडच्या किनाऱ्याच्या लहरी
सरपटत येतात,
ना व्हिसा, ना शिक्का.

चित्र लागलं. फारसीत कुणी मासळीचे भाव सांगत होता.
मग माइक एका म्हाताऱ्या कोळ्यापुढे गेला
आणि खाला उठून उभ्याच राहिल्या.
"हा आमच्या बोलीत बोलतोय.
लारकचा आहे. माझी बहीण तिकडे दिलीय."
किती वर्षं झाली, मी विचारलं नाही.

आता याच्याही चिठ्ठीत लिहिलेलं: मला एकवर बसवा.
एकवर तर मस्कत.
अशांना टीव्ही आठशेच्या पुढे नेऊन ठेवतो.
हाकलत नाही, ठेवतो.
आमची खोलीही गाव संपल्यावर,
पेट्रोल पंपाच्या पुढे आहे.

पहाटे वारा सुटला. कोळ्याच्या चेहऱ्याचे चौकोन झाले,
चौकोनांचा चुरा.
आठवड्यानं मुरादचा फोन:
"टीव्ही विचारतोय, आठशे तीन सापडत नाही, काढू?"
म्हटलं, नको. नाही दाब.

दोन रियाल राहिलेत त्यांच्याकडे. मागितले नाहीत.
सुकी मासळी आली मात्र, वर्तमानपत्रात बांधलेली,
तिचा वास अजून माझ्या पक्कडीला आहे.

मुराद सांगतो, खाला रोज रात्री
आठशे तीन लावून बसतात.
निळा पडदा. मधोमध एकच ओळ: सिग्नल नाही.
ती अरबीत असते
आणि खालांना वाचता येत नाही.