ऐनवेळचे विषय

मठाचं इतिवृत्त एकोणीस वर्षं मी लिहिलं.
पगार धर्मादाय, अक्षर वळणदार.
हळदीच्या पेठेतले विश्वस्त म्हणायचे,
लेखनिक, तुमच्या बोटांत सरस्वती आहे.

त्या दिवशी विषयपत्रिकेवर सहा विषय.
गोशाळेचे पत्रे, शिखराचं रंगकाम, उत्सवाचा मांडव,
मधेच बेदाण्याच्या सौद्यावरून थट्टा.
भडंगाच्या बशा फिरल्या.
मग अध्यक्षांच्या परवानगीने
ऐनवेळी आलेला विषय:
जिन्याखाली एक बाई बसून आहे, सकाळपासून.

लगमव्वा. जतकडची, पार उमदीच्या पलीकडची.
पोरगा मायाप्पा, मठाच्या वसतिगृहात, इयत्ता पाचवी.
अर्धं मराठीत बोलली, अर्धं कानडीत,
आणि महाराजांचं नाव घेताना
डोक्यावरचा पदर तिनं मागे सारला.

अध्यक्ष म्हणाले, लिहा.
काय लिहू?
तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही जाणते.
मी 'तक्रार' लिहिलं.
ते खोडून 'गैरसमज' लिहिलं.
चर्चा झाली, असं लिहिलं. झाली नव्हती.
विषय तहकूब. सूचक, अनुमोदक,
सर्वानुमते.
त्या पानावर भडंगाच्या तेलाचा डाग पडला.
मी टीपकागद दाबून धरला, गेला नाही.

पुढच्या महिन्यात महाराजांची बदली, कराड शाखा.
शाल, श्रीफळ, दोन जीपगाड्या.
निरोपाचं भाषण मीच लिहून दिलं.
त्याच आठवड्यात व्हाउचर क्रमांक तीनशे चार:
कराड वसतिगृहासाठी सतरंज्या, नग सोळा.
सोळा.
बेरीज तपासली, सही केली,
घरी जेवायला गेलो.

चौकशी लागली तेव्हा मी निवृत्त होतो.
मठाच्या उत्तराचा मसुदा दुसऱ्या कुणाचा,
पण वळण माझंच:
'महापुरात संस्थेचे सर्व दप्तर नष्ट झाले आहे.'

कृष्णेनं त्या साली काय काय नेलं, मला माहीत आहे.
मारुती चौकात दुकानादुकानातून
फावड्यानं गाळ ओढणारी माणसं मी पाहिली.
आयर्विन पुलाचे फूट विचारत
आम्ही चार रात्री जागून काढल्या.
पण मठाच्या जिन्याला एकवीस पायऱ्या.
पाणी अकरावीवर थांबलं.
दप्तराचं कपाट माडीवर.
नदीवर आळ घ्यायला काय जातं,
तिला थोडंच सभेला हजर राहून
हरकत नोंदवता येते?

आणि ते पुस्तक तर माझ्या ट्रंकेत होतं.
पुण्य म्हणून नव्हतं आणलं. भीतीनं.
कधी माझ्यावर शेकलं तर
हाताशी असावं म्हणून.

परवा नेऊन दिलं.
टेबलापलीकडे तिशीतली बाई. पान एकशे बारा.
अक्षर तुमचं?
होय.
'गैरसमज' हा शब्द कुणाचा?
पंखा फिरत होता. त्याचा एक पाता वाकडा होता.
त्या आई कानडीत काय म्हणाल्या होत्या?
मी म्हणालो, 'दीपा' एवढंच कळलं,
मला वाटलं, कुणा मुलीचं नाव.
वाटलं, की वाटून घेतलं.

भिंतीकडच्या बाकावर मायाप्पा बसला होता.
टेम्पो चालवतो आता, हाताला डिझेलचा वास.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
आई म्हणत हुती,
पोरगं रात्री दिवा मालवू देत नाही.

बाईंनी ते तसंच उतरवून घेतलं.
अक्षर किरटं. खाडाखोड नाही.

जाताना दाराशी तो थांबला.
ती कराडची पोरं, त्यांची नावं हायत का तुमच्याकडं?

माझ्याकडे सतरंज्यांचा आकडा होता.