उजवी सीट, तेरा आठशे

उणे सव्वीस. आजच काढायचं, हेल्का म्हणाली,
आज डांबर काचेसारखं फुटेल.
उन्हाळ्यात याच कामासाठी
लोक ओउलूहून कोरडा बर्फ विकत आणतात.
आम्ही शेडचं दार रात्रभर उघडं टाकलं.

गाडी निस्सान, एकोणनव्वदची,
झाकणातून वर येणाऱ्या दिव्यांची.
हेल्का आत, ओणवी, हातात हातोडा.
मी बाहेर, उपड्या क्रेटवर, वही घेऊन.
काटा वडिलांचा, एल्कच्या तंगड्या तोलायचा,
आकड्याला अजून एक राठ केस चिकटलेला.

मागची सीट : नऊ चारशे.
स्टेपनी, जॅकसकट : सोळा सातशे.
गालिचा ओला निघाला,
कुठल्या वर्षीचा बर्फ प्यायला होता कोण जाणे.
वाळवून पुन्हा तोलूया म्हटलं,
पण हेल्काने ओलाच आकडा लिहायला लावला.
"काढला तेव्हा तेवढाच होता ना?"
थोरलीशी हुज्जत घालून कुणाचं भलं झालंय.

टण्, टण्, आणि मग एक पोकळ खट्,
की समजायचं, सुटलं.
डांबर बादलीत काळ्या चिक्कीसारखं पडत गेलं.
अकरा किलो दोनशे.
एवढी शांतता आम्ही इतकी वर्षं
पेट्रोल जाळून वाहत होतो.

शेजारचा ओस्मो थर्मास घेऊन दारात आला,
कार्बनचं बॉनेट किती युरोला पडेल ते सांगत बसला.
"वाचतील किती?"
"आठ किलो."
हेल्काने त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या.
दालचिनीचा पाव त्या दिवशी उरला.

हीटरवरून भांडलो.
पाच नऊशे, ती म्हणे. काच गोठेल, मी म्हणे.
तीन फेऱ्या तर आहेत, श्वास रोखून धरीन.
हीटर राहिला. वहीत शून्य, पुढे माझी सही.

दिव्यांच्या मोटारी काढल्या
तर एक डोळा उघडाच राहिला.
ॲशट्रेत एक मार्क सापडला,
चलनातून कधीच गेलेला.
काट्यानेही तो मानला नाही.

मग चौदाचा पाना. उजवी सीट.
चार बोल्ट, तिसरा गंजलेला,
तेल पाजून, शिव्या देऊन त्याची मनधरणी.
तेरा किलो आठशे.
अक्षर माझंच आहे, पाहा, जरासुद्धा हललेलं नाही.
त्या सीटवर बसून मी बावीस वर्षं नकाशे वाचले,
चुकीची वळणं ठामपणे सांगितली,
आणि नवऱ्याला सोडून ती निघाली त्या रात्री
कुओपिओपर्यंत तिचं मांजर मांडीत घट्ट धरून बसले.
गाडीत कुणी बोललं नाही. मांजर सोडून.

बाकीचं किडूकमिडूक धरून गेले ब्याऐंशी किलो.

फेब्रुवारीत तळ्यावर बर्फ खरवडून आखलेला गोल रस्ता.
पहिल्याच वळणावर गाडीने शेपूट फिरवलं.
दुसऱ्यावरही.
मागच्या चाकांना पकड म्हणून नाही,
इतकी हलकी, की बर्फाला तिची दखलच नव्हती.
तिसऱ्यांदा हिमात तोंड खुपसून आल्यावर
हेल्काने काच खाली केली.
"बस मागे."
"कशावर?"
"वाळूचं पोतं आहे."

उघड्या पत्र्यावर पोतं, पोत्यावर मी.
ओस्मोने झेंडा म्हणून मफलर हलवला.
आणि ऐकू आलं,
इंजिन नव्हे, त्याच्याही खालून,
ताणलेल्या तारेवर कुणी हळूच नख ओढावं तसं काहीतरी,
लांब, या काठापासून त्या काठापर्यंत.
तळं आमच्या भाराखाली बोलत होतं.
दरवर्षी बोलत असणार.
चार मिलिमीटर डांबराच्या वर बसून
आम्ही रेडिओ ऐकत होतो.

गाडी वळली. नीट वळली.

घरी येऊन हेल्काने पहिल्यांदाच
पेन माझ्या हातातून घेतलं.
अधिक, तिने लिहिलं. मार्केत्ता.
मग किती, ते विचारायला वळली.
मी सांगितलं, बूट आणि कोट धरून,
दोन किलो कमी.