वीतभर कापड

मीटर मागायचं, पाऊणात बसवायचं.
हे मला कुणी शिकवलं नाही,
कात्रीला सवयच तशी, असं मी म्हणत आले.

रामबागेच्या बगीच्यात सकाळी सहाला
डोंगरेसर आम्हा अकरा बायकांना सतरंजीवर बसवतात.
मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते.
मिल गेली, पण बोलताना त्यांचे हात अजून
हवेतल्या हवेत ठाण घडी करतात.
त्या दिवशी आसनं झालीच नाहीत,
माझी पाठ धरली होती, त्यांचा गुडघा.
म्हणाले, आज एकच शब्द घरी न्या. अस्तेय.
म्हणजे चोरी न करणं.
बायका हसल्या, इथं कोण चोर आहे, सर?
मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं.

माझ्या मशीनखाली
पिठाच्या दोन रिकाम्या पिशव्या आहेत, गच्च भरलेल्या.
बावीस वर्षं आहेत त्यांत.
चंदेरीच्या पट्ट्या, खणाचे तुकडे,
कुणाच्या डोहाळजेवणातलं, कुणाच्या पहिल्या पगारातलं.
उरलं ते शिवणारीचं, हा रिवाजच आहे,
सीतलामाता बाजारात कुणालाही विचारा.
पण पुरलं नाही, असं सांगून उरवलेलं?
त्याला रिवाजात शब्द नाही.

दुपारभर पिशव्या उपसल्या.
नगमा शिकायला येते माझ्याकडे, ती म्हणाली,
ताई, याची गोधडी छान होईल.
मी खेकसले तिच्यावर, काही कारण नसताना.
कुणाला न दुखवण्याचा शब्द
सरांनी पुढच्या सोमवारसाठी ठेवला होता.

तळाशी किरमिजी महेश्वरी.
वीतभर आणि वर चार बोटं, पूर्ण पन्ह्याची.
हिचं घर मला पक्कं आठवत होतं.
टेंबेबाईंना कोपरापर्यंत बाही हवी होती,
दंडावर भाजल्याचा डाग होता, दाखवला होता त्यांनी.
मी म्हटलं, कापड कमी पडतंय हो.
का ठेवलं? काठ आवडला होता.
पुढं त्याचं काहीच केलं नाही.

गेले. त्या पोह्यांवर जिरावन भुरभुरत होत्या.
तुकडा टेबलावर ठेवला आणि सांगितलं,
पाठ केलेलं वाक्य अर्ध्यातच तुटलं.
त्यांनी तो बोटांत धरून पाहिला,
रंग अजून तसाच आहे, म्हणाल्या.
मग म्हणाल्या,
पुतणीच्या लग्नात मी दिवसभर पदर लपेटून बसले होते.
मे महिना होता.
पोहे दिले. चहा दिला.
पण ‘असू दे’ म्हणाल्या नाहीत,
आणि का कोण जाणे, ते मला बरं वाटलं.

सकाळी कचऱ्याची गाडी आली.
सुका वेगळा, ओला वेगळा,
आमच्या इंदुरात कचऱ्यालाही दोन खाती आहेत.
दीड पिशवी अजून शिल्लक होती माझ्या हातात.
हे कशात टाकू, ते
त्या पोराला विचारावंसं वाटलं.
पिशव्या परत आत आणल्या.

परवा एक नवी मुलगी आली, राणी रंगाचं सिल्क घेऊन.
म्हटलं, मीटर नको, पाऊण पुरेल.
ती साशंक झाली,
समोरचे मास्टर तर सव्वा सांगतात.
आणि गेली समोर.
खरं बोलल्यावर गिऱ्हाईक जातं
हे सरांना सांगितलं,
तर ते हवेतल्या ठाणाची आणखी एक घडी घालत म्हणाले, हो, जातं.
एवढंच.

आता शिवलेल्या प्रत्येक ब्लाऊजला
उरलेली चिंधी टाचून देते,
दोन बोटांची असली तरी.
बायका विचारतात, ही कशाला?
म्हणते, तुमची आहे.
काहीजणी दारातच फेकून जातात,
मग मला ती उचलावी लागते,
आणि हातात घेऊन क्षणभर उभी राहते मी,
आता ही कुणाची?

टाचण्या फार लागतात, ताई,
नगमा म्हणते.
आणायला सांगितल्यात.
तिला त्या दिवसाचं सॉरी म्हणायचं राहिलंय.